दोनशे सतरा नंबरचं घर

९ जानेवारी

ताई,

नमस्कार करून सुरुवात करते, कारण आईनं हाताला तशी सवय लावली आहे. प्रेमानं लिहिते आहे की नाही, ते पत्र संपल्यावर दोघींनी ठरवू.

काल कप्तानांनी मला मंडळाच्या हॉलमध्ये सांगितलं की तुला आमंत्रण गेलं आहे. कप्तान कोण, असं विचारशील. बंदरात टगबोट चालवायचा तो, तुझ्या मागे सायकल घेऊन शाळेपर्यंत यायचा तोच. आता पोट सुटलंय, मंडळाचा अध्यक्ष झालाय आणि सगळे त्याला अहोजाहो करतात. मीही करते. मला म्हणाले, "आपली माणसं या धक्क्यावर उतरली त्याला यंदा शंभर वर्षं होतात. शताब्दीला प्रमुख पाहुणी आपल्यातलीच हवी."

मी विचारलं, "आपल्यातली म्हणजे कोण?"

"अहो, तुमची ताई! रेडिओवरची!"

जशी काही मी पत्ता विचारायला आलेली परकी बाई. रेडिओवरून तू निवृत्त होऊनही जमाना झाला. पण इथे कोणाला त्याचं काय? तू तिकडे परदेशात, तिकडच्या भाषेत बातम्या वाचायचीस आणि इथे निम्म्या लोकांना त्या भाषेचं अक्षर कळत नव्हतं. तरी माना डोलवत ऐकायचे. "काय आवाज आहे!" म्हणे.

तेव्हा खरी परिस्थिती तुला कळावी म्हणून लिहिते आहे. हॉल म्हणजे अजून तेच, मजूर आणणाऱ्या कंपनीचं जुनं गोदाम. वर पत्रा, खाली ओल. भिंतीचा रंग हाताला लागतो. संडास मागच्या अंगणात, आणि मधल्या पायऱ्या उंच. तुझे गुडघे दुखतात असं मागच्या वर्षीच्या कार्डात लिहिलं होतंस. प्रवास दीड दिवसाचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. मी बहीण म्हणून सांगते.

कार्यक्रमही काही फार नाही. मूळ देशाच्या वकिलातीतून एक साहेब येणार, भाषण करणार, आगबोटीचे जुने फोटो लावणार, मुली नाचणार. आणि हजेरी होणार. हजेरी तुला आठवत असेलच. तरी सांगते, इतक्या वर्षांत माणूस बरंच विसरतं. आगबोटीतून उतरल्यावर कंपनीच्या गोऱ्या साहेबानं धक्क्यावर हजेरी घेतली, तशी आपण अजून घेतो. त्याला आपली नावं उच्चारता येईनात, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला आणि बिल्ल्यावर नंबर. तीन वेळा पुकारायचं. तिसऱ्यांदाही उत्तर आलं नाही, की तो माणूस वाटेत समुद्रात गेला असं धरून साहेब पुढे जायचा. आता अध्यक्ष पुकारतात आणि त्या त्या घरातलं थोरलं माणूस उभं राहून 'हजर' म्हणतं. काही नंबरांना आता कोणीच उठत नाही. ती तीनदा पुकारण्याची शांतता मला अजून सोसत नाही.

आमची चिटणीस आहे एक, दातांची डॉक्टरीण, नव्या पिढीची. ती म्हणते, "मावशी, गुरांसारखे नंबर पुकारायचे आणि त्याचा उत्सव करायचा? कशाला?" मी तिला बाबांचं उत्तर दिलं. बाबा म्हणायचे, नंबर साहेबाचा, पण हजर आपला.

बाबा गेल्यापासून आपल्या दोनशे सतराला मी उभी राहते. हे तुला ठाऊक असावं म्हणून नुसतं लिहिलं.

गुडघ्यांना शेक देत जा.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. 'येते आहे. तुझ्याकडेच उतरेन.' बस, एवढंच. मी चार पानं लिहिली त्यावर हे! शाळेतही तू निबंध असाच लिहायचीस, अर्ध्या पानात, आणि सिस्टर तोच वर्गात वाचून दाखवायच्या. मी पाचही पानं सुवाच्य भरून द्यायची आणि मला शेरा मिळायचा, 'नीटनेटके'. अख्ख्या कॉन्व्हेंटमध्ये माझी कीर्ती ती एवढीच. नीटनेटकी.

असो. बंदराच्या कचेरीत जन्मभर टाइप केलं तेही नीटनेटकंच केलं. कोणी सत्कार केला नाही.

बातमी गावभर झाली आहे. डॉक्टरीण धावत आली. "मावशी, त्यांना हॉटेलात उतरवूया का? तुमच्या घरी जिना आहे."

म्हटलं, "जिना तिच्या लहानपणीही होता. तिथूनच पळून गेली ती."

तिला वाटलं मी विनोद केला. खूप हसली.

तुझ्यासाठी रस्त्याकडची खोली लावते आहे, बाबांची. पलंग तोच आहे, गादी नवी. खिडकीची कडी अजून सैल आहे, वारा आला की वाजते. कागदाची घडी घालून ठेवली आहे. त्या खोलीत मी फारशी झोपत नाही. का ते आजवर कोणाला सांगितलं नाही, तुलाच सांगते, कारण त्यात तुझाच हात आहे. बाबा अंथरुणावर होते त्या वर्षी तू आली नाहीस. तुझी कारणं तुला माहीत, मी विचारणार नाही. तू कॅसेट पाठवलीस. एका बाजूला शाळेतल्या कविता, दुसऱ्या बाजूला नुसत्या गप्पा: तिकडे बर्फ पडलंय, शेजारीण मांजर पाळते, असलं काहीबाही. मी त्यांना पुसायची, कूस बदलायची, भरवायची. घास तोंडात असतानाच ते बोटानं खूण करायचे, लाव. मी ओल्या हातानं बटण दाबायची. उशाशी मी, आणि त्यांचे कान तुझ्याकडे. टेप घासून घासून तुझा आवाज घोगरा झाला, तरी त्यांना तोच हवा. एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, मीही बोलते की." तर म्हणाले, "तू काय, तू आहेसच."

हे वाक्य मी किती वर्षं चघळते आहे! कधी त्यात गोडी लागते, कधी कडू जिरं.

उगाच विषय निघाला. त्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत असतील, तू तिथे बस. पाहुण्यांना उठाबशा नसतात. हार, भाषण, फोटो, झालं. बाकीचं आम्ही रोजची माणसं बघून घेतो.

मऊ उशी लागते की कडक, ते कळव.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

उशीचं कळवलं नाहीसच. उलट विचारतेस, 'हजेरीचा नियम अजून तोच आहे का?' सरळ विचार ना, बाई. हजर कोण म्हणणार, असंच ना?

मी कप्तानांकडे गेले. ते हॉलमध्ये शिडीवर चढून फोटो टांगत होते. खालून विचारलं, "कप्तान, दोनशे सतराला यंदा कोण?"

ते वरूनच म्हणाले, "थोरलं माणूस."

"थोरलं म्हणजे इथलं थोरलं, की जगातलं?"

"हॉलमध्ये जे असेल त्यातलं थोरलं. नियम मी केलेला नाही."

"मग पाहुणी आणि थोरली दोन्ही तीच? एका बाईनं किती पाट अडवायचे?"

शिडीवरून उतरले. पदरानं, म्हणजे त्यांच्या सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. "हे बघा," म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं म्हटलंत, कोणाचं ना नाही. एकदा तिला म्हणू द्या. वकिलातीचे साहेब असतील, रेकॉर्डिंग होणार आहे. आणि तिचा आवाज..."

"माझा काय बेडकाचा आहे?"

"तसं कुठे म्हटलं मी?"

पण म्हटलंच की. बोलले नाहीत एवढंच. मला माहीत आहे माझा 'हजर' कसा येतो ते. पहिलं अक्षर घशात, दुसरं दाताशी, तिसरं कुठेतरी छताला. दरवर्षी सकाळी न्हाणीघरात तालीम करते. हसू नकोस. आणि तरीही, ताई, तो एक शब्द म्हणेपर्यंत मी वर्षभर कोणाची तरी आई, कोणाची सासू, कोणाची पेन्शनर असते. त्या एका क्षणाला मी घर असते. आजोबा गळ्यात पत्रा अडकवून उतरले, बाबा रेल्वेच्या कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, तू उडून गेलीस; आणि त्या सगळ्यांच्या वतीनं गोदामाच्या फरशीवर मी एकटी उभी असते. दुसरं काय आहे माझ्याकडे, तूच सांग. तुझ्याकडे आवाज आहे, देश आहे, बाबांचे कान होते.

बरं. म्हण तूच. नियम आहे. नंबर पुकारला की लगेच उठायचं नाही, श्वास घेऊन उठायचं. रेडिओवरच्यासारखं गोड म्हणू नकोस, ते बातमी वाटेल. आणि बाबांची नक्कल तर मुळीच नको.

तुझ्यासाठी कडक उशी काढून ठेवली आहे.

धाकटी


११ मार्च, दुपार

ताई,

तू पलीकडच्या खोलीत वामकुक्षी घेते आहेस आणि मी इथे टेबलाशी बसून तुला पत्र लिहिते आहे. याला वेडेपणा म्हणतात. पण तोंडानं मला हे जमत नाही. तू आल्यापासून आपण दोघी चहा, साखर आणि औषधं यांच्यापलीकडे बोललो नाही.

सकाळपासून सात जण येऊन गेले. सगळ्यांनी तुला विचारलं, "आम्हाला ओळखलंत का?" आणि तू सगळ्यांना ओळखलंस! कसं काय? माझ्या व्याह्यांना तर तू त्यांच्या लहानपणीच्या चिडवण्याच्या नावानं हाक मारलीस. लाजले ते. माझ्याकडे येतात तेव्हा कधी लाजत नाहीत.

केस पांढरे ठेवलेस, ते तुला शोभतात. मी कालच रंगवले, तेही तू येणार म्हणून. आता कपाळाला डाग राहिलाय.

लिहायला बसण्याआधी तुझ्या खोलीचं दार मी हळूच लोटलं. तू बाबांसारखीच एक हात डोळ्यांवर घेऊन झोपतेस. ते बघून मला जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. माया म्हणावी तर तीही होती. पण त्यातही मनात आलंच: हेही हिलाच मिळालं.

उद्या हजेरी. हे पत्र तुला देणार नाही. नाहीतर देईनही, तू गेल्यावर.

धा.


१९ एप्रिल

ताई,

सोबत मागचं पत्रही घातलं आहे. दोन्ही एकदम वाच आणि मग माझ्यावर काय रागवायचं ते एकदमच रागव.

त्या दिवशी तू पहिल्या रांगेत होतीस, म्हणून मागे काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. मी पाचव्या रांगेत, खांबाशेजारी. बसले होते ती शांतपणे, शहाण्यासारखी. पण मनात काय होतं ते आज लिहिते. मला खात्री होती की तू गडबडशील. माईकसमोर बोलणारी बाई तू. तिथे माईक नसतो, कागद नसतो, एकच शब्द असतो आणि सगळे मागे वळून बघतात. पहिल्या पुकाऱ्याला तू चाचपडशील, दुसऱ्याला घसा खाकरशील, आणि तिसऱ्याला मी उठेन आणि खणखणीत म्हणेन. घर वाचवेन. मग बघू दे सगळ्यांना कोण रोजचं आणि कोण पाहुणं. अशी ही तुझी धाकटी, रोज पूजा करणारी.

कप्तानांनी पुकारलं, "नंबर दोनशे सतरा." तू हलली नाहीस. माझ्या मनात आनंदाची उकळी फुटली.

"नंबर दोनशे सतरा." तुझी पाठ तशीच ताठ. लोक माना उंचावू लागले. डॉक्टरीण माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. मी मुद्दाम खाली बघितलं.

"नंबर... दोनशे सतरा." या वेळी कप्तानांचा आवाज चिरकला. मी उठायला गुडघ्यावर हात टेकला. आणि तेवढ्यात तूच उठायला लागलीस. मला वाटलं, आता म्हणणार. शब्द जिभेवर आलेला मी गिळला आणि परत बसले. आणि तू? तू उठलीस ती माझ्याकडे वळून बघायला! हातानं मला खूण करत होतीस, ऊठ, ऊठ, म्हणून. मी ती खूण बघितली तोवर कप्तानांनी कागदावरून डोळे उचलले होते, पुन्हा टेकवले होते, आणि म्हणाले होते, "नंबर दोनशे अठरा."

आपल्या घराचं असं शंभर वर्षांत पहिल्यांदा झालं. आजोबा समुद्रात गेले, ताई. वाटेत नाही, धक्क्यावर उतरून, संसार करून, शंभर वर्षांनी गेले. आणि बुडवलं कोणी, तर दोन नातींनी, एकमेकींची वाट बघत.

गैरहजर घरानं हजेरी संपेपर्यंत बाहेर थांबायचं, हा नियम मी आजवर कोणावर लागू झालेला बघितला नव्हता. तू आपणहून निघालीस. वकिलातीच्या साहेबांना वाटलं, पाहुण्या बाईंना बरं वाटत नाही; ते अर्धे उठले आणि परत बसले. मागून मी. मागच्या अंगणात, संडासाच्या पायऱ्यांवर आपण बसलो. आतून नंबर ऐकू येत होते आणि लोकांचे हजर, हजर. त्या पायऱ्या उंच आहेत हे मी तुला कळवलं होतंच.

मी रडत होते, आणि तुला राग आला होता. रागावलीस की तुझा आवाज अजिबात रेडिओसारखा राहत नाही, हे मला बरं वाटलं.

"का नाही उठलीस?" म्हणालीस.

"थोरली तू आहेस."

"नियम मला शिकवू नकोस. मी तुझा ऐकायला आले होते."

"माझा काय ऐकायचा? तुझा ऐकायला गाव लोटलं होतं."

"मला माझा पाठ आहे," तू म्हणालीस. "दरवर्षी म्हणते. तिकडे, स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून. बाबा गेल्यापासून एक वर्ष चुकवलं नाही. नवरा होता तोवर तो विचारायचा, कोणाशी बोलतेस?"

तुला वाटलं असेल, हे ऐकून मी विरघळले. तू माझा हात धरलास, आणि मी धरू दिला, म्हणून तसं वाटलं असेल. खरं सांगू? मला आत काहीतरी चावलं. एवढी एक गोष्ट मी माझी एकटीची समजत होते. बाबांचे लाड तुझे, बक्षिसं तुझी, आवाज तुझा, पण हा शब्द माझा, असं धरून चालले होते. आणि तू हजारो मैलांवरून त्यातही वाटेकरी होतीस, कोणाला न सांगता, इतकी वर्षं! एक क्षण तुझा हात झटकावासा वाटला. मग मनात आलं, त्या ओट्याशी तुला उत्तर द्यायला कोण होतं? मी म्हणायचे तेव्हा निदान पुढचा नंबर यायचा. तुझ्यामागून काहीच येत नसणार. म्हणून हात राहू दिला. माया म्हणून नाही, हिशेब म्हणून. असं समज.

नंतर तुझा सत्कार झाला तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, "गैरहजर माणसाला शाल घालतायत," आणि हॉल हसला, तूही हसलीस. मी मात्र हसले नाही. तू गेलीस त्यानंतर मी दोन आठवडे हॉलकडे फिरकले नाही. हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, त्या सुनेच्या हाती पाठवल्या.

काल बैठक होती. मी गेले आणि कप्तानांना विचारलं, "आता आमचं घर गेलं का कायमचं?"

ते म्हणाले, आगबोट आली तेव्हा पहिल्या हजेरीलाही असंच झालं होतं. एक माणूस तापानं फणफणून बोटीच्या तळाशी पडून होता, त्याला ऐकूच आलं नाही. साहेबानं त्याला मेलेला धरलं. तो दुसऱ्या दिवशी धक्क्यावर उभा! तेव्हा साहेबानं सांगितलं, दोन माणसं आणा, जी सांगतील की हा जिवंत आहे. दोघांनी सांगितलं आणि त्याचा नंबर परत लागला. "तेव्हा पुढच्या हजेरीला दोन साक्षीदार उभे करा," कप्तान म्हणाले, "मग पुकारतो."

डॉक्टरीण लगेच म्हणाली, "मावशी, मी राहते उभी! आणि कप्तान आहेतच." गुणी पोरगी आहे. तिला मी खालच्या दाढेपासून ओळखते. पण म्हटलं, "नको. आमच्या घरात जिवंत माणसं आहेत."

तर तुला यावं लागेल. साक्षीला दोघी लागतील, एकीनं भागणार नाही. पण साक्ष झाल्यावर नंबर पुकारतील, आणि तेव्हा हजर एकीनंच म्हणायचं असतं. ते मी म्हणणार. तू थोरली आहेस, आवाज तुझा चांगला आहे, ओट्याशी उभी राहून तू किती वर्षं म्हटलंस तेही कबूल. तरी मीच. कप्तानांना मी अजून हे सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते आहे.

तुला हे मान्य नसेल तर तसं लिही. अर्ध्या पानात नको, सविस्तर लिही. मी उत्तर देईन, त्यावर तू दे. अजून जवळजवळ वर्ष आहे, आणि मला तुझ्याशी पोटभर भांडायचं आहे.

धाकटी